इकाइट गाळून सुकवलं की कॅल्साइटच हाती लागतं: नेमकं कुठे निसटतं?

चुनकळी (प्रश्न)

इकाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रेणूमागे पाण्याचे सहा रेणू असलेलं खनिज, प्रयोगशाळेत बनवायचं आहे. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम कार्बोनेट यांची ०.१ मोलर द्रावणं फ्रीजमध्ये ४ अंशांवर गार करून एकत्र केली. मिसळताक्षणी दुधासारखा पांढरा साका आला. तासाभराने गाळला आणि गाळणकागद टेबलावर सुकायला ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन, म्हणजे स्फटिकाची ओळख पटवणारी मोजणी) २९.४ अंशांवर कॅल्साइटचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या नेहमीच्या बिनपाण्याच्या रूपाचं, ठसठशीत शिखर आहे, २४.९ आणि २७.१ ला व्हॅटेराइट (दुसरं बिनपाण्याचं रूप) दिसतं, इकाइटची एकही रेषा नाही.

इकाइट मुळात झालंच नव्हतं, की होऊन मोडलं? फॉस्फेट घालायला सांगतात, ते अत्यावश्यक आहे का? तयार झालेलं टिकवायचं कसं आणि मोजायचं कसं? आणि निसर्गात हे जिथे सापडतं तिथे असं काय असतं की ते तिथे टिकतं? ग्लेंडोनाइट म्हणजे जुन्या इकाइटचा साचा, त्यावरून प्राचीन पाण्याचं तापमान काढतात, हेही वाचलंय. त्यावर कितपत विसंबायचं?

---

निवळ

दोन ठिकाणी निसटलंय, आणि दुसरं ठिकाण जास्त घातक आहे.

पहिलं म्हणजे तासाभराची घाई. मिसळताक्षणी येणारा तो दुधाळ साका इकाइट नसतो. ते अस्फटिकी कॅल्शियम कार्बोनेट असतं, जेलीसारखं, एक्सआरडीत नुसता फुगवटा दाखवणारं. ते थंडीत तसंच राहू दिलं की काही तासांत त्यातून स्फटिक उगवतात आणि तळाशी बसतात. वरचं पाणी निवळलं आणि तळचा थर दाणेदार दिसू लागला, तर स्फटिक झालेत असं समजा. तासाभरात गाळलं तेव्हा कागदावर बहुधा दोन्हींचं मिश्रण होतं.

दुसरं म्हणजे टेबल. इकाइटच्या वजनाचा ५२ टक्के भाग पाणीच आहे. इकाइटच्या स्फटिकाचं एक पातं काचेवर ठेवून खोलीच्या तापमानात भिंगाखाली बघा. आधी पारदर्शक असतं, मग कडा दुधट होतात, खाली पाण्याचा थेंब जमतो, आणि पाहता पाहता पातं आपल्याच पाण्यात बसकण मारतं. उरतो तो पांढरा चिखल. बाहेरून पाणी आलेलंच नसतं. त्यामुळे ‘सुकायला ठेवलं’ हा शब्दप्रयोग इकाइटच्या बाबतीत विसरायचा. सुकवणं म्हणजे ते मोडणं.

याच्या मुळाशी विद्राव्यता आहे. इकाइटच्या विद्राव्यता गुणाकाराचा (हा जितका मोठा तितकं खनिज जास्त विरघळतं) लॉगॅरिदम शून्य अंशाला सुमारे उणे ७.२ आहे, २५ अंशांना उणे ६.६. कॅल्साइटचा याच दोन तापमानांना उणे ८.४ आणि उणे ८.५. म्हणजे शून्य अंशालाही इकाइटचा गुणाकार कॅल्साइटच्या सुमारे १५ पट आहे, २५ अंशांना जवळजवळ ८० पट. दोघांचा कल उलटा आहे हेही पाहा: इकाइट गरम पाण्यात जास्त विरघळतं, कॅल्साइट गरम पाण्यात कमी. पृष्ठभागावरच्या दाबाला असं एकही तापमान नाही जिथे इकाइट खऱ्या अर्थाने स्थिर आहे. स्थिर व्हायला हजारो वातावरणांचा दाब लागतो. थंडी त्याला स्थिर करत नाही, कॅल्साइटपासूनचं अंतर कमी करते आणि कॅल्साइटची पावलं जड करते. ही गोष्ट मनात पक्की बसली की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप सुचतात.

कृती:

कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ७.३५ ग्रॅम, पाणी घालून एकूण ५०० मिली. निर्जल सोडियम कार्बोनेट ५.३० ग्रॅम, तेही एकूण ५०० मिली. कार्बोनेटच्या द्रावणात ५० मिलिग्रॅम सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट. फॉस्फेट कॅल्शियमच्या बाटलीत घालू नका, तिथेच कॅल्शियम फॉस्फेटचा गढूळपणा येतो. निर्जल कॅल्शियम क्लोराइड वापरत असाल तर ते विरघळताना चांगलंच तापतं, म्हणून द्रावण आदल्या दिवशी करून ठेवा. दोन्ही बाटल्या, चंचुपात्र, ढवळणी, गाळणी, कागद, चमचा, सगळं रात्रभर ० ते २ अंशांत.

कॅल्शियमचं द्रावण कार्बोनेटमध्ये बारीक धारेने, ढवळत, बर्फाच्या टोपात. चुंबकीय ढवळणीची तबकडी गरम होते आणि चंचुपात्राचा तळ हळूच ७-८ अंशांवर नेते. हे थर्मामीटर वर धरला तर कळत नाही, तळाशी धरावा लागतो. वरून फिरणारा ढवळदांडा असेल तर उत्तम, नाहीतर पात्र आणि तबकडीच्या मध्ये बर्फाच्या पाण्याचं ताट ठेवा.

मग २४ तास ० ते २ अंशांत राहू द्या, अधूनमधून हलकेच ढवळा. गाळताना बर्फासारखं पाणी थोडंसं आणि झटपट, त्यानंतर उणे २० अंशांवर ठेवलेलं इथेनॉल दोनदा. इथेनॉल महत्त्वाचं, कारण कणांना चिकटलेलं पाणी राहिलं तर पुढचं रूपांतर त्या पाण्यातूनच होतं: इकाइट विरघळतं, कॅल्साइट बसतं.

सगळं कॅल्शियम इकाइटमध्ये गेलं तर १०.४ ग्रॅम मिळायला हवं. तेच कॅल्साइट झालं असेल तर ५.० ग्रॅम. हा साधा हिशेब निम्मं निदान करून देतो. पूर्ण तापवून राख केली तर चुना मूळ वजनाच्या २६.९ टक्के उरायला हवा. ३० च्या वर गेला तर कॅल्साइटची भेसळ आहे, २५ च्या खाली गेला तर इथेनॉल किंवा पाणी नीट निथळलेलं नाही. अर्थात भेसळ आणि ओल दोन्ही असतील तर आकडा मधे कुठेतरी येऊन फसवतो, म्हणून एकट्या वजनावर निकाल देऊ नये.

---

रेषावाचक

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. मोजण्याबद्दल सांगतो, कारण चांगलं बनलेलं इकाइट बहुतेक वेळा यंत्रावरच मरतं.

तांब्याच्या क्ष-किरण नळीवर इकाइटच्या दोन रेषा शोधा: ५.१७ अँगस्ट्रॉमची १७.१ अंशांना आणि २.६४ ची ३३.९ च्या आसपास. १७.१ ची रेषा सर्वांत उपयोगी, कारण त्या जागी कॅल्साइट, ॲरागोनाइट (तिसरं बिनपाण्याचं रूप), व्हॅटेराइट यांपैकी कोणीच नाही. मोनोहायड्रोकॅल्साइट, म्हणजे पाण्याचा एकच रेणू असलेलं कॅल्शियम कार्बोनेट, २०.५ आणि २९.० ला येतं. हे २९.० आणि कॅल्साइटचं २९.४ घाईच्या स्कॅनमध्ये एकमेकांत मिसळतात, तेव्हा २०.५ तपासल्याशिवाय कॅल्साइट म्हणू नका.

नमुना थंड चौथऱ्यावर ठेवता आला तर प्रश्नच मिटला. तसा चौथरा नसेल तर धातूचा नमुनाधारक उणे २० ला गार करा, नमुना फ्रीजरमध्येच भरा, आणि पहिला स्कॅन फक्त १५ ते ३५ अंशांचा, तीन-चार मिनिटांत उरकणारा घ्या. लगेच तोच स्कॅन पुन्हा घ्या. दुसऱ्यात १७.१ खाली आणि २९.४ वर गेलं असेल तर पहिल्यातलं कॅल्साइटही काही प्रमाणात यंत्रावर झालेलं आहे. एकच स्कॅन घेऊन ‘इकाइट ४० टक्के’ असं लिहिणं चुकीचं. ते त्या मिनिटाचं प्रमाण असतं, नमुन्याचं नसतं.

गार धारकावर हवेतलं बाष्प गोठतं, आणि २२.८, २४.२, २५.९ ला साध्या बर्फाच्या रेषा येतात. त्या दिसल्या की घाबरू नका, पण व्हॅटेराइटच्या २४.९ शी गल्लत करू नका.

खलबत्त्यात कुटू नका. घर्षणाची ऊब पुरते. कुटायचंच असेल तर द्रव नायट्रोजनखाली. खरं म्हणजे साका मुळात बारीक असतो, तो तसाच पसरवला तरी चालतं.

रामन वर्णपटमापन (लेझर टाकून परतणाऱ्या प्रकाशावरून खनिज ओळखणं) जास्त सोयीचं आहे, कण एकेकटा तपासता येतो. कार्बोनेटचं मुख्य शिखर इकाइटला १०७० प्रति सेमीच्या आसपास, कॅल्साइटला १०८६ ला, व्हॅटेराइटला १०७५ आणि १०९० ची जोडी. मोनोहायड्रोकॅल्साइट १०६७ च्या जवळ, म्हणजे इकाइटला अगदी खेटून. त्यांना वेगळं करायला यंत्राचं शून्य सिलिकॉनच्या ५२०.५ वर लावलेलं हवं आणि ३१०० ते ३५०० मधला पाण्याचा पट्टाही बघायला हवा. लेझर कमीत कमी ताकदीवर, आणि नमुना शून्याखाली. लेझरचा ठिपका स्फटिकावर पांढरा डाग पाडत असेल तर तुम्ही कॅल्साइट बनवताय.

सूक्ष्मदर्शकही पुरतो. इकाइटचे अपवर्तनांक १.४५५, १.५३८ आणि १.५४५, कॅल्साइटचे १.४८६ आणि १.६५८. एकमेकांना काटकोनात लावलेल्या पोलरायझरांमध्ये कॅल्साइट फार वरच्या, फिकट रंगांत जातं. इकाइट द्विअक्षीय आहे आणि त्याचे रंग कॅल्साइटच्या मानाने खालच्या श्रेणीतले असतात. आणि सर्वांत स्वस्त चाचणी: काच हळूहळू गरम होऊ द्या. बर्फ शून्याला स्वच्छ वितळतो. इकाइट त्यानंतरही उभं राहतं आणि मग पारदर्शकपणा गमावून चुरतं.

---

चुनकळी

चुंबकीय ढवळणीच्या तबकडीचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. ४ अंश लिहिलं ते फ्रीजचं तापमान, पात्राचं नव्हे. साठवणीसाठी उणे १८ चा साधा घरगुती पद्धतीचा फ्रीजर चालेल का? त्यावर ‘बर्फ साठत नाही’ असं लिहिलंय.

---

निवळ

तोच टाळा. बर्फ न साठणारा फ्रीजर ठरावीक वेळाने आतली नळी तापवून बर्फ उतरवतो. हवा थोडी गरम होते आणि शिवाय आतली हवा कायम कोरडी ठेवली जाते. उघड्या नमुन्याला दोन्ही वाईट. हाताने बर्फ काढावा लागणारा जुन्या पद्धतीचा फ्रीजर घ्या, नमुना छोट्या झाकणबंद कुपीत काठोकाठ भरा, कुपी पिशवीत आणि पिशवी बर्फाच्या पॅकांमध्ये. एका मोठ्या बाटलीपेक्षा दहा लहान कुप्या बऱ्या, म्हणजे एक काढताना बाकीच्यांना धक्का नाही. थोडा भाग त्याच्या मूळ द्रावणात बुडवून १ अंशावर ठेवा. त्यात फॉस्फेट असतं, त्यामुळे तो बऱ्यापैकी टिकतो आणि तुलनेला उपयोगी पडतो.

---

खाडीकाठ

निसर्गातल्या जागांबद्दल.

नाव ज्या जागेवरून पडलं ती इक्का फ्योर्ड, नैऋत्य ग्रीनलंडमधली अरुंद, उथळ खाडी. डॅनिश खनिजतज्ज्ञ हान्स पाउली यांनी १९६३ मध्ये तिथल्या पाण्याखालच्या स्तंभांमधून हे खनिज नोंदवलं. कृत्रिम रूपात हेच संयुग १८६५ मध्ये पेलूझ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने बनवलं होतं, म्हणजे निसर्गात सापडायला जवळपास शंभर वर्षं लागली. कारण उघड आहे. थंड पाण्यातून वर काढलेला नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कॅल्साइट झालेला असतो.

इक्काच्या तळाशी सातशेहून जास्त स्तंभ आहेत, सर्वांत उंच २० मीटरच्या घरात. खाली कार्बोनेटाइट आणि नेफेलिन सायनाइट हे अग्निजन्य खडक आहेत. त्यातून पाझरणारं पाणी सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेटने भरलेलं, पीएच १० च्या वर, आणि फॉस्फेटसह येतं. कॅल्शियम त्यात नगण्य. ते समुद्राच्या पाण्यातून मिळतं. दोन्ही पाणी जिथे भेटतात तिथेच इकाइट बसतं, म्हणून झऱ्याच्या तोंडावर नळीसारखा स्तंभ वर वर वाढत जातो. वाढीचा वेग वर्षाला ५० सेंटीमीटरपर्यंत मोजला गेलाय. चुनखडीच्या गुहांतल्या लवणस्तंभांशी तुलना केली तर हा वेग अचाट आहे. समुद्राचं पाणी तापल्यामुळे स्तंभांच्या वरच्या भागात इकाइटचं मोनोहायड्रोकॅल्साइट होतानाही आढळलंय. पृथ्वीवर याच्यासारखी दुसरी जागा माहीत नाही, आणि ती डोळ्यांदेखत बदलते आहे.

दुसरी जागा अंटार्क्टिकाच्या ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनीचा तळ. १९८२ मध्ये तिथल्या गाळातून पिवळट-तपकिरी स्फटिक प्रसिद्ध झाले. पाणी उणे १.६ अंश. तिथे झरा नाही. गाळात सेंद्रिय पदार्थ ऑक्सिजनशिवाय कुजतात, त्यातून बायकार्बोनेट आणि फॉस्फेट दोन्ही सुटतात.

तिसरी म्हणजे समुद्रबर्फ. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बर्फात मावत नाही, ते बारीक वाहिन्यांतल्या खाऱ्या पाण्यात कोंडलं जातं. तापमान उणे २ च्या थोडं खाली गेलं की त्यातून इकाइट सुटायला लागतं. अंटार्क्टिक समुद्रबर्फात ते प्रत्यक्ष ओळखलं गेलं २००८ मध्ये. इतका उशीर होण्याचं कारण नमुना हाताळण्यातच होतं: बर्फाचा गाभा खोलीत वितळवला की पुरावा गेला. वितळवायचा तर ४ अंशांखाली, आणि कण सुटे झाल्याबरोबर वेगळे काढून शून्याखाली. इथे एक गोष्ट रासायनिक हिशेबालाही महत्त्वाची आहे. बायकार्बोनेटच्या दोन आयनांपैकी एकाचं कार्बोनेट इकाइटमध्ये अडकतं आणि दुसऱ्याचा कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून सुटतो. म्हणून समुद्रबर्फाची अल्कता (ॲल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शोषण्याची क्षमता) मोजणाऱ्यांनी स्फटिकांसकट मोजलं की गाळून मोजलं, हे लिहिलंच पाहिजे. नाहीतर दोन मोजण्यांची तुलनाच होत नाही.

शिवाय ऋतूनुसार येणारं इकाइटही आहे. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमध्ये ते हिवाळ्यात काठावर बसतं आणि उन्हाळ्यात मोडतं. जपानमध्ये होक्काइदोच्या शिओवाक्का झऱ्याला हिवाळ्यात इकाइट, उन्हाळ्यात मोनोहायड्रोकॅल्साइट.

फॉस्फेटबद्दल: या बहुतेक ठिकाणी ते आहे. फॉस्फेट कॅल्साइटच्या अंकुरांवर चिकटून त्यांची वाढ अडवतं, इकाइटला मात्र फारसं अडवत नाही. म्हणून फॉस्फेटशिवाय इकाइट होत नाही असं धरायला हरकत नाही.

---

खडकवाट

शेवटच्या वाक्याला हरकत आहे. इक्काच्या पाण्याची नक्कल करून झालेल्या प्रयोगांत थंड तापमानाला फॉस्फेटविनाही इकाइट आलं. समुद्राच्या पाण्यात भरपूर असलेलं मॅग्नेशियमही कॅल्साइटला अडवतं. पीएच आणि अतिसंपृक्तता (मावेल त्याहून जास्त विरघळलेलं असणं) पुरेशी असली की एवढं पुरतं. तेव्हा ‘फॉस्फेट मदत करतं, विशेषतः थोड्या उबदार परिस्थितीत’ इतकंच म्हणावं. चुनकळींच्या प्रयोगात फॉस्फेट घातलं तर चुका पोटात घेतल्या जातात, म्हणून घाला. पण एक तुकडी फॉस्फेटशिवायही करा, तुमचं तापमान खरंच किती घट्ट आहे ते त्यातून कळेल.

आता ग्लेंडोनाइट. ग्लेंडोनाइट म्हणजे इकाइटचं छद्मरूप: बाहेरून इकाइटचा आकार, आत कॅल्साइट. नाव ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यातल्या ग्लेंडन या जागेवरून, तिथल्या पर्मियन या प्राचीन काळातल्या खडकांतून. जगभर याच वस्तूला वेगवेगळी नावं पडली, कारण मूळ खनिज कोणालाच माहीत नव्हतं: इंग्लंडात जॅरोवाइट, नेवाडा-कॅलिफोर्नियाच्या जुन्या सरोवरांत थिनोलाइट. इकाइट सापडल्यावरच हे सगळे एका धाग्यात ओवले गेले.

हातात घेऊन ओळखायचं तर आडव्या छेदात साधारण चौकोनी, टोकाला निमुळती होत जाणारी पाती पाहा, एकेकटी किंवा काटेरी गोळ्यासारखी गुच्छात. पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, पायऱ्या-पायऱ्यांचा असतो. खरी कसोटी मात्र पातळ छेदात आहे. इकाइटचं कॅल्साइट होताना घनफळ सुमारे ६८ टक्के घटतं. साधा हिशेब आहे: घनता १.८ वरून २.७१ वर जाते आणि निम्म्याहून जास्त वजन पाणी होऊन निघून जातं. म्हणजे साच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मूळच्या कार्बोनेटने भरतो. बाकी पोकळी नंतरच्या पाण्यातून आलेलं कॅल्साइट भरतं. छेदात म्हणूनच किमान दोन पिढ्या दिसतात: गोलसर, पिवळट, पट्ट्यापट्ट्यांचे दाणे, आणि त्यांच्या मधलं स्वच्छ, भरड स्फटिकी कॅल्साइट. एकसंध एकाच पिढीचं कॅल्साइट दिसलं तर जिप्सम, ग्लॉबेराइट किंवा गेलुसाइट या दुसऱ्या खनिजांच्या छद्मरूपाचा विचार आधी करा.

आणि इथेच तापमानाचा घोटाळा होतो. पूर्ण ग्लेंडोनाइट कुटून त्याचे ऑक्सिजन समस्थानिक (ऑक्सिजनचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, ज्यांच्या प्रमाणावरून तापमान काढतात) मोजले, तर निम्म्याहून जास्त भाग नंतरच्या, कदाचित खूप खोल पुरलेल्या आणि उबदार पाण्याचा असतो. आकडा येतो, पण तो इकाइटच्या जन्माचा नसतो. मोजायचंच तर पहिल्या पिढीचे दाणे बारीक ड्रिलने वेगळे काढा, कॅथोडोल्युमिनेसन्सखाली (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने खनिज चमकवून) आधी नकाशा करून. डेन्मार्कच्या फुर फॉर्मेशन या खडकथरांत दीड मीटरच्या आसपासचे ग्लेंडोनाइट आहेत, सुरुवातीच्या इओसीनमधले, म्हणजे पृथ्वी एकूण खूप उष्ण असतानाचे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांच्यावर क्लम्प्ड समस्थानिकांची पद्धत (जड कार्बन आणि जड ऑक्सिजन किती वेळा एकमेकांना जोडलेले आहेत त्यावरून तापमान काढणारी) वापरून तळाचं पाणी थंड होतं असा निष्कर्ष निघाला. ती पद्धत पाण्याच्या समस्थानिकांचा अंदाज धरून चालत नाही, म्हणून साध्या ऑक्सिजन मोजणीपेक्षा भक्कम.

मात्र ‘ग्लेंडोनाइट दिसलं म्हणजे पाणी ७ अंशांखाली होतं’ हे सूत्र आता आंधळेपणाने लावता येत नाही. त्याच वर्षी समुद्राचं पाणी आणि सोडियम कार्बोनेटचं द्रावण मिसळून ३५ अंशांनाही इकाइट उगवल्याचं दाखवलं गेलं. फार अल्कधर्मी, कार्बोनेटने गच्च भरलेल्या पाण्यातलं ते क्षणिक उगवणं आहे. सेंद्रिय गाळात हात-हातभर वाढणारे, दीर्घकाळ टिकलेले स्फटिक तशा परिस्थितीत होतील असं मला वाटत नाही. त्यामुळे समुद्री गाळातलं मोठं ग्लेंडोनाइट हे थंडीचं चांगलं लक्षण मानतो, अल्कधर्मी सरोवरातलं किंवा झऱ्याच्या तोंडचं मानत नाही. आजूबाजूला थंडीचे वेगळे पुरावे, जसं की हिमखंडांतून गळून पडलेले दगड, असतील तरच आकडा लिहावा.

---

चुनकळी

दोन तुकड्या करतो, एक फॉस्फेटसह आणि एक त्याशिवाय, थर्मामीटर तळाशी. स्कॅन दोनदा, १५ ते ३५. पातळ छेदासाठी एक शंका राहिली: ग्लेंडोनाइट कापताना रेझिनमध्ये बसवायला तापवलं तर चालेल का, की तिथेही थंडीच पाळायची?

---

खडकवाट

तापवलं तरी चालेल, ते आता कॅल्साइटच आहे. फक्त क्लम्प्ड समस्थानिकांसाठीचा तुकडा तापवण्याआधी वेगळा काढून ठेवा आणि त्याला ड्रिल करताना वेग कमी ठेवा. तळाच्या गाळातून आताच काढलेला, आत अजून इकाइट शिल्लक असेल असा नमुना असला, तर मात्र रेझिन नको, वर रेषावाचक यांनी सांगितलेली शून्याखालची सगळी पथ्यं पाळा.